मनाचा पदर खोचायचा म्हणजे नक्की काय करायचं?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून इतकं आलंय की सगळं घ्यायचं तर आख्खा अंक लागेल, म्हणून पाचच घेतलीत. गंमत म्हणजे पाचही जणांचं दुखणं फिरून फिरून एकाच जागी येतंय, मन थाऱ्यावर नाही आणि आशा धरायची तर कशाच्या जोरावर. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: जय ख्रिस्त मावशी. मी शाळेत शिकवते, वय ४१, दोन मुलं. पहाटे साडेपाचला प्रार्थनेला बसते पण पाच मिनिटांत मन कुठल्या कुठे जातं, डबा, युनिट टेस्टचे पेपर, नणंदेचं बोलणं, मग हात आपोआप फोनकडे जातो आणि बघते तर सव्वासहा झालेले असतात. मागच्या रविवारी चर्चमधे पाळकसाहेबांनी बायबलमधल्या १ पेत्र १:१३ वर संदेश दिला, मनाची कंबर बांधा म्हणून. संदेश छान झाला, पण घरी आल्यावर वाटलं बांधायची म्हणजे करायचं काय? मन काय लुगडं आहे का? — श्रीरामपूर

उत्तर: अगं आहेच की! तू वैतागून लिहिलंस पण अगदी बरोबर लिहिलंस.

त्या काळात माणसांचे अंगरखे घोट्यापर्यंत लांब, घरात बसायला ठीक, पण पळायचं असेल, ओझं उचलायचं असेल, शेतात उतरायचं असेल तर सगळा घोळ वर घेऊन कमरपट्ट्यात खोचायचा. निर्गम १२ मधे इजिप्तमधून निघायच्या रात्रीचं, वल्हांडणाचं जेवण कसं जेवायचं सांगितलंय बघ, कंबर कसलेली, पायात जोडे, हातात काठी, म्हणजे जेवता जेवता निघायची तयारी. एलीया संदेष्टा अहाब राजाच्या रथापुढे धावत गेला तोही असाच. आपल्याला हे परकं नाहीच, भात लावणीला चिखलात उतरणारी बाई आधी काष्टा वर खोचते, आणि माझी आई धुण्याचं बादलीभर ओझं घेऊन नदीवर निघाली की पहिलं काम पदर कमरेला.

आता मुद्दा असा की पदर खोचणारी बाई पदर फाडून टाकत नाही. पदर असतोच, फक्त पायात येत नाही. तुझी चूक इथे होतेय, तुला वाटतंय प्रार्थनेला बसलं की विचार यायलाच नकोत, आणि ते येतात म्हणून तू स्वतःला कोसत बसतेस, मग कोसून दमलीस की फोन. डब्याचा विचार येणारच, मुलं उपाशी जातील ना नाहीतर! शेजारी एक वही ठेव, विचार आला की दोन शब्द लिही, डबा, पेपर, नणंद, आणि परत वचनावर ये. नणंदेचं नाव रोजच येत असेल तर मग तिच्यासाठीच प्रार्थना कर, तो विचार व्यत्यय नाही, तो त्या दिवसाचा विषय आहे.

हा आजार नवा नाही आणि फोनमुळे तर नाहीच नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रिअस नावाचा एक संन्यासी होता, त्याने एकांतात राहणाऱ्या साधूंच्या मनाचं जे वर्णन केलंय ते वाचून मी हसले आणि मग गप्प झाले. सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतं म्हणे, सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस ५० तासांचा झालाय, मग तो साधू खिडकीतून बघतो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, मग त्याला ती जागाच नकोशी होते, हातातलं कामही नकोसं होतं. फोन नव्हता, खिडकी होती, एवढाच फरक. यावर त्याने काय केलं, तर मनात येणाऱ्या एकेका वाईट विचाराला उत्तर म्हणून शास्त्रातली वचनं गोळा केली, सुमारे ५०० नोंदी! आपल्याला पाच पुरतील.

अजून एक, आणि हे मला फार आवडतं. मूळ ग्रीकमधे या वचनात हुकूम एकच आहे, आशा ठेवा. कंबर बांधून, शुद्धीवर राहून, आशा ठेवा, असं ते वाक्य आहे. कंबर बांधणं ही नुसती तयारी झाली. आपण तयारीलाच भक्ती समजतो, मी किती वाजता उठले, किती अध्याय वाचले, आणि आशेचं राहूनच जातं. आणि हे कोण लिहितंय तर येशूचा शिष्य पेत्र, जो येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत एक तास जागा राहू शकला नाही! त्याला येशूने नंतर सांगितलं होतं, तरुणपणी तू स्वतःच कंबर बांधायचास, म्हातारा झालास की दुसराच कुणीतरी तुझी कंबर बांधेल आणि नको तिथे नेईल. ते ऐकलेला माणूस कंबर बांधा हे शब्द उगाच लिहीत नसणार.

फोन रात्रीच ओट्यावर चार्जिंगला लाव. गजर लावायला साधं घड्याळ आण. सुरुवातीला १० मिनिटंच बस, आणि मोठ्याने वाच, मनात वाचलं की मन पळतं. घरातले झोपलेत म्हणून पुटपुटत वाच हवं तर.

प्रश्न: मावशी, मी जालन्याचा, चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय. दोनदा पूर्व निघाली पण मुख्यला अडकलो. मागच्या वर्षी एका शिबिरात प्रार्थना करताना एका बंधूंनी भविष्य सांगितलं की या वर्षी नक्की होणार, यिर्मया २९:११, देवाचे संकल्प तुझ्या हिताचे आहेत हे वचन, स्वतःसाठी क्लेम कर. मी केलं, भिंतीवर लावलंय, रोज वाचतो. निकाल लागला, १.५ मार्काने गेलं. आता ते वचन बघितलं की चीड येते आणि चीड येते म्हणून भीती वाटते. बाबांनी एक एकर विकलंय माझ्यासाठी. — पुणे

उत्तर: बाळा, आधी चीड येते त्याची भीती सोड. यिर्मया संदेष्टा स्वतः देवावर जेवढा चिडलाय तेवढं तुला जमणार पण नाही.

आता ते वचन. भिंतीवर ११ वं लावलंस, त्याच्या आधीचं १० वं कुणी लावत नाही कारण त्यात लिहिलंय परत आणीन, पण ७० वर्षांनी. हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला म्हणजे बॅबिलोनला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि त्यात आधी काय सांगितलंय तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, म्हणजे थोडक्यात सामान सोडा, इथे मुक्काम मोठा आहे. आणि त्याच्या मागचा अध्याय, २८ वा, तो तर तू आज रात्रीच वाच. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येणार! लोकांना काय आवडलं असेल सांग? दोन की ७०? शिबिरातले बंधू मनाने चांगलेही असतील, मी त्यांना ओळखत नाही, पण तारीख सांगणारी आशा मला नेहमी हनन्याची वाटते. ती तारीख उलटली की माणूस तारखेवर चिडत नाही, देवावर चिडतो. तुझं तेच झालंय.

मग आशा ठेवायचीच नाही का? ठेवायची. ३२ वा अध्याय बघ. बाबेलच्या सैन्याने शहराला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत, आणि चुलतभाऊ हनमेल येतो, म्हणतो अनाथोथचं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातलं शेत! आणि हा घेतो. १७ शेकेल वजनाची चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हातात देतो आणि सांगतो मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. तुझे बाबा शेतकरी आहेत, त्यांना विचार, तलाठ्याकडे आणि रजिस्ट्रारकडे खेटे घातलेल्या माणसाला हा अध्याय जास्त कळतो. मला यातलं सगळ्यात खरं वाटतं ते पुढचं, व्यवहार झाल्यावर यिर्मया देवाला म्हणतो, अरे शहर तर चाललंय खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हातात आणि तू मला म्हणतोस शेत घे? म्हणजे कागदावर सही झाली तेव्हा त्याचं मन काही शांत-बिंत नव्हतं. आधी सही केली, शंका नंतर बोलून दाखवली, आणि देवाने ती ऐकून घेतली.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ काय ते मी सांगू शकत नाही, आणि अजून एक वर्ष दे किंवा सोड हे पण सांगणार नाही. एवढंच सांगते की निकालाच्या आठवड्यात ठरवू नकोस. लोयोलाचा इग्नेशिअस म्हणून एक स्पॅनिश सैनिक होता, १५२१ मधे पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं आयुष्य फिरलं. त्याने मनाच्या चढ-उतारांचे नियम लिहून ठेवलेत, त्यातला एक आपल्यासारख्यांनी अभ्यासिकेच्या टेबलावर चिकटवावा असा आहे: मन काळवंडलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. दोन महिने थांब. मग बाबांबरोबर बस, हिशोब मांड, किती पैसे उरलेत, दुसरं काय येतं तुला, आणि काय ते ठरव. ठरवलंस की मला कळव. भिंतीवरचा कागद काढू नकोस, १० वं वचन त्याच्यावर पेनाने लिही.

प्रश्न: माझ्या मिसेसला आठ महिने डिप्रेशन आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, फरक पडतोय. पण घरप्रार्थनेत दोन-तीन जणी तिला म्हणाल्या विश्वास कमी पडतोय, मन घट्ट कर, गोळ्या सोडून उपास-प्रार्थना कर. तिने चार दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत. मी काय बोलू? — सोलापूर

उत्तर: गोळ्या आजपासून परत सुरू, आणि मधे चार दिवस सुटल्या हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. बाकी सगळं नंतर.

त्या बायांना माझ्यातर्फे १ राजे १९ वाचून दाखवा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला एलीया झुडपाखाली पडून म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. देवाने त्याला विश्वास वाढव असं म्हटलं नाही हो! दूत आला, त्याला हात लावून उठवलं आणि म्हणाला खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो परत झोपला, तर झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं, परत खा, वाट लांबची आहे. बोलणं-बिलणं सगळं त्यानंतर, डोंगरावर. आणि प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, त्याला कुणी म्हटलं नाही की तुझी पिशवी ठेव घरी.

मनाची शिस्त ही चालत्या माणसाला सांगायची गोष्ट आहे, पाय मोडलेल्याला नाही. मिसेस मरणाचं काही बोलायला लागल्या तर थांबू नका, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरप्रार्थना तीन महिने दुसऱ्याच्या घरी होऊ द्या, बायकोला जवळच्या चर्चमधे मागच्या बाकावर नेऊन बसवा, गाणी कानावर पडली तरी पुष्कळ. तुम्ही स्वतः जेवताय ना वेळेवर?

प्रश्न: मावशी, मी कॅथलिक आहे, तुमचा कॉलम शेजारच्या बाईंकडे वाचते. माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमधे कोविडने गेले. १९ दिवस ऑक्सिजनवर होते. घरात रोझरी, झूमवर प्रार्थना, गावातल्या क्रुसापाशी लोकांनी मेणबत्त्या लावल्या. सगळे म्हणत होते आशा सोडू नको. नाही सोडली मी. ते गेले. आता मिस्सात, चर्चच्या उपासनेत, आशा हा शब्द आला की मी मान खाली घालते. चर्च सोडलं नाही, पण आता नक्की कसली आशा ठेवायची ते मला कुणीतरी सांगा. — वसई

उत्तर: ताई, तुमचं पत्र आठवडाभर बायबलमधे ठेवलं होतं, लिहायला हात होत नव्हता. मी नगरकडची प्रॉटेस्टंट, रोझरी मला येत नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही आशा सोडली नाहीत म्हणता ते खरंय, फक्त ती आशा एका गोष्टीला बांधलेली होती, ते घरी येतील. त्यात चूक काहीच नव्हती, कुणीही तेच मागितलं असतं. पण त्या १९ दिवसांत सगळ्यांनी त्या एका गोष्टीलाच आशा हे नाव दिलं, आणि ती गेल्यावर शब्द रिकामा राहिला.

विलापगीत नावाचं छोटं पुस्तक आहे, यरुशलेम पडल्यावरचा आकांत. त्यातला तिसरा अध्याय ६६ ओळींचा, आणि हिब्रू अक्षरं २२. पहिल्या तीन ओळी पहिल्या अक्षराने सुरू, पुढच्या तीन दुसऱ्या, असं शेवटपर्यंत. म्हणजे आपल्याकडे क वर तीन ओळी, ख वर तीन, असं कुणी रडावं तसं. मला आधी वाटायचं हे काय, एवढ्या दुःखात कुणाला अक्षरं सुचतात? माझ्या वडिलांच्या वेळी कळलं. दिवसभर मी त्यांचे सदरे घडी करत बसले होते, तेच तेच सदरे, कारण हाताला काहीतरी ओळ पाहिजे होती. त्या अध्यायात १८ व्या ओळीत माणूस साफ सांगतो की माझी आशा संपली. आणि २१ व्या ओळीत म्हणतो, मी हे मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मधल्या दोन ओळींत परिस्थिती काडीची बदललेली नाही. त्याने एक गोष्ट मुद्दाम मनात आणली एवढंच, की देवाची दया सरलेली नाही, ती रोज सकाळी नवी असते. आणि पुढे परत रडतोच तो, ४३ पासून तर देवाला ऐकवतो की तू ढगाने स्वतःला झाकून घेतलंस, प्रार्थना पोचत नाही. एकदा आशा आली आणि मग सगळं छान झालं, असं तिथे नाहीये.

माझ्या आजीची एक गोष्ट सांगते. इब्री लोकांस पत्रात सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, जहाजाचा असतो तसा. आजीने समुद्र जन्मात पाहिला नव्हता, तिला नांगर म्हणजे शेतातला, लोखंडी, चार बैलांचा. ती सांगायची, नांगर खोल गेला पाहिजे, वरच्या वर ओरखडे काढून पीक येत नाही. पुढे मी मुंबईत भाऊच्या धक्क्यावर खराखुरा दुसरा नांगर पाहिला, गंजलेला, शेवाळलेला, आणि मला आजीचं आठवून हसू आलं, पण विचार केला तर फार काही चुकलं नव्हतं तिचं, दोन्हींची जागा वर नाही, खाली आहे, न दिसणारी. तुमच्या वसईत कोळ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. नांगर टाकलेली होडी हलत नाही असं नाही ना? हलते, लाटेबरोबर वर-खाली होते, आतला माणूस ओकतो पण. फक्त वाहून जात नाही. तुम्ही मान खाली घालता पण मिस्साला जाता, ते मला तसं वाटतं.

दुसरी आठवते ती केडगावची पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. पुढे मुक्ती मिशन उभं केलं, उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत करायला घेतलं, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. आणि १९२१ मधे एकुलती एक लेक मनोरमा गेली, जिच्या हातात सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमधे गेल्या, पण तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं होतं. त्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत नाही, टेबलावर प्रुफं होती एवढं माहीत आहे.

आता तुमचा प्रश्न, कसली आशा. पेत्राच्या पत्रातलं उत्तर असं आहे की ख्रिस्त परत प्रकट होईल तेव्हा मिळणाऱ्या कृपेची, म्हणजे मेलेल्यांच्या उठण्याची, म्हणजे तुमच्या मिस्टरांची पण. हे २०२१ च्या एप्रिलमधे कुणी सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता, आणि बरोबर केलं असतंत. आता चार ओळी जास्त ऐकू येतील म्हणून लिहिलं. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, शोकच करू नका असं लिहीत नाही. आणि येशू आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला उठवणार हे माहीत असून त्याच्या कबरीपाशी रडला.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जालच. त्या दिवशी त्यांच्याशी काय बोललात ते मला लिहा, छापणार नाही.

प्रश्न: संडे स्कूलच्या मुलांकडून वर्षाला ५२ वचनं पाठ करून घेतो आम्ही, स्पर्धेनंतर आठवड्यात विसरतात. मन घडावं म्हणून काय करावं? — अहिल्यानगर

उत्तर: ५२ कशाला? मुलं आहेत की टेप? एक स्तोत्र घ्या, २३ वं सहाच ओव्यांचं आहे, १२१ वं आठ, आणि तीन महिने तेच चालू द्या. चालीवर म्हणू द्या, चित्र काढू द्या, मेंढपाळ कुठे दिसला ते सांगू द्या, नगरच्या बाजूला धनगर भेटतातच, एकदा सगळ्यांना घेऊन वाड्यावर जा आणि काठीचं काय करतात ते त्यांनाच विचारू द्या. स्तोत्र ४२ मोठ्या मुलांना द्या, त्यात माणूस स्वतःच्या जिवाला विचारतो, का रे बाबा एवढा खचलास? हे स्वतःशी बोलणं दहावीच्या वर्षात कामाला येतं. आणि बक्षिसं द्यायचीच तर पेन द्या हो, ट्रॉफ्या ठेवायला आता कुणाच्या घरात जागा नाही.